न सांगितलेलं वजन

पारडीच्या अंजनाबाईने पोळपाट-लाटणं क्वचितच हाती धरलं. ती लांब पोळी करायची. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं पीठ परातीत आपटून आपटून एवढं सैल करायचं की ते ओघळावं, पण तुटू नये. मग त्याचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवायचा. झुलता झुलता तो कोपरापर्यंत पसरतो, मलमलीसारखा पातळ होतो, आणि एका झोकात त्याला चुलीवरच्या उलट्या माठावर अंथरायचं. लग्नाची पंगत असो की तेरवीची, अंजनाबाईला निरोप यायचा. माठाच्या धगीने तिच्या हातांवरची लव कधीचीच जळून गेली होती, आणि त्या गुळगुळीत, तांबूस हातांचा तिला अभिमान होता.

हे काम दोघींचं. एकीने पोळी टाकायची, दुसरीने जाळ सांभाळून ती उतरवायची, घडी घालायची. दुसरी म्हणजे तिची नणंद, प्रेमलता. अंजनाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा प्रेमा फ्रॉक घालून दारात उभी होती, आणि पहिल्याच दिवशी तिने नव्या वहिनीच्या हातातलं खोबरं हिसकावून खाल्लं होतं. पुढे सासू वारली. प्रेमाच्या वेण्या अंजनाबाईनेच घातल्या, तिचं लग्नही अंजनाबाईनेच लावलं, कळमेश्वरला. एक पावसाळा काढून प्रेमा परत आली, ती पुन्हा गेली नाही. काहून आली ते तिने सांगितलं नाही, आणि अंजनाबाईने एकदाच विचारलं.

तेव्हापासून घरात तिघं. नवरा नत्थूजी इतवारीच्या बाजारात धान्याच्या दुकानात पोती उतरवायचा आणि घरी आला की बोलण्याचं ओझं दोघी बायांवर सोडून झोपायचा. अंजनाबाईला पोर झालं नाही. प्रेमा चाळिशी ओलांडून गेली तरी सकाळी उशिरा उठायची, केसांना तास घालवायची, पंगतीच्या कामाला गेली की चूल सोडून नवरदेव पाहायला पळायची. मागे माठावर पोळी करपायची.

"वयानं वाढली, पण मोठी नाई झाली आमची प्रेमा," असं अंजनाबाई ज्याला त्याला सांगायची.

"मोठी होऊन काय करू? तुह्यासारखी कंबर धरून बसू?" प्रेमा म्हणायची, आणि मांडवात सगळीकडे ऐकू जाईल असं हसायची.

त्या उन्हाळ्यात लग्नांची गर्दी होती. प्रेमाच्या दंडावर निळे डाग दिसू लागले तेव्हा अंजनाबाई म्हणाली, मांडवाचा बांबू लागला असेल. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा म्हणाली, उन्हाची उष्णता आहे, सब्जा भिजवून पी. पण एके दिवशी माठासमोर बसलेली प्रेमा भिंतीला टेकली, आणि नाकातून आलेलं रक्त पदराने पुसत पुसत तिथेच आडवी झाली. वस्तीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, आणि चहासुद्धा न पिता मोठ्या दवाखान्यात जा, म्हणाले.

मोठ्या दवाखान्यात मिनल नावाच्या डॉक्टरबाई होत्या. वयाने लहान, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्यांनी नत्थूजीला आणि अंजनाबाईला बाकावर बसवलं आणि रक्ताचा कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. नत्थूजी आपल्या चपलांकडे पाहू लागला. त्याने मान वर केली नाही.

"पण काकू, नीट ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा वेगळा आहे. आपल्या हाडांच्या आत पांढऱ्या पेशी जन्मतात. आधी लहान असतात, मग मोठ्या होतात, रक्तात येतात, काम करतात आणि थोड्याच दिवसांत मरून जातात. रोज नव्या येतात, रोज जुन्या जातात. प्रेमाताईंच्या पेशी लहानच राहिल्यात. मोठ्या होत नाहीत, काम करत नाहीत, आणि मरतही नाहीत. नुसती गर्दी करून बसल्यात."

"मंग त्याहिले माराचं औषध देसान?"

"नाही. मोठं करायचं औषध देऊ. एक गोळी आहे, आणि एक रोज शिरेतून. त्या औषधाने पेशी पुन्हा वळणावर येतात, वाढतात. एकदा मोठ्या झाल्या की इतरांसारख्याच आपल्या वेळेला मरतात. आपण मारायचं कामच नाही."

अंजनाबाईने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग काचेपलीकडे खाटेवर झोपलेल्या नणंदेकडे. जे तिला इतक्या वर्षांत रागावून, वेण्या ओढून, उपाशी ठेवून जमलं नव्हतं, ते एक गोळी करणार होती.

"शिरेतून काय देता?" नत्थूजीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सोमल. अगदी मोजून, शुद्ध केलेलं."

"सोमल? धान्यात उंदराले घालत होते, ते?"

"तेच. पण इथे माझ्या हातात आहे, दुकानदाराच्या नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. अंजनाबाईला त्या मुलीचं बोलणं आवडलं.

"बऱ्याच जणी यातून उठून घरी जातात," त्या उठता उठता म्हणाल्या. "पण पहिले काही आठवडे अवघड. ताप, दम, सूज, काहीही दिसलं तरी मला सांगायचं. आणि वजन रोज हवं. कमी झालं, जास्त झालं, आकडा मला खरा पाहिजे."

अंजनाबाईने मान हलवली. आजाऱ्याचं वजन कमी व्हायला नको, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

वॉर्डात दिवस सुरू झाले आणि दिवसांना कूलरच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज राहिला नाही. अंजनाबाई खाटेखाली चटईवर झोपायची. पहाटे नत्थूजी चहा आणून द्यायचा आणि इतवारीला जायचा. दुपारी ती ऑटोने पारडीला जाऊन ताजं वरण, तूप लावलेली तव्यावरची साधी पोळी करून परत यायची. गोळी जेवणाबरोबर, जरा तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यायची असते, असं कळल्यावर तिला वाटलं, चला, या दवाखान्यात आपलंही काही काम आहे.

शेजारच्या खाटेवर कामठीच्या जिजाबाई होत्या. आजार दुसरा, आणि जुना. नवरा मनोहरराव, मागावर काम करून करून अर्धा बहिरा झालेला माणूस, बायकोजवळ बसून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं कुजबुजायचा. सकाळी सिस्टर दारातून हाक द्यायची, "वजनं!" काटा दाराशीच होता. सिस्टर एकटी, खाटा भरलेल्या. म्हणून ज्याने त्याने आपापला पेशंट काट्यावर उभा करायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. जिजाबाईंचा आकडा दर दोन-चार दिवसांनी खाली यायचा. मनोहरराव तो सांगायचे आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

पहिल्या आठवड्यात प्रेमाचं रक्त थांबलं. डाग पिवळे पडले. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी ती काट्यावर उभी राहिली आणि आकडा वर गेलेला दिसला.

अंजनाबाईचा जीव सुखावला. पण आकडा तिच्या तोंडून निघेना. त्यांच्या घरची रीत होती, आणि तिच्या माहेरची त्याहून कडक. आजाऱ्याचं आंग भरू लागलं तर ते बोलायचं नाही. पाहुण्याने "आता बरी दिसते" असं म्हटलंच तर घरच्यांनी लगेच "कुठी बरी, आहे तशीच आहे" म्हणून ते बोलणं पुसून टाकायचं. बरं होणं कोंबासारखं असतं, त्याच्याकडे बोट दाखवलं की ते खुडलं जातं. शिवाय मागेच जिजाबाई उभ्या होत्या, नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन, गळ्याखालची हाडं वर आलेली. त्यांच्यासमोर, माझी भरून राहिली, असं ओरडायचं? तेरवीच्या पंगतीत बसून अंजनाबाईने लग्नाच्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या. एवढी समज तिला होती.

"काल होतं तेवढंच!" तिने ओरडून सांगितलं आणि कालचा आकडा दिला. सिस्टरने तो लिहून घेतला.

खाटेवर परत आल्यावर प्रेमाने डोळे मिचकावले. "वयनी, खोटं बोलली तू."

"गप वं. जिजाबाई ऐकते."

"मायवं, माह्यं आंग भरलं तं तूच चोरासारखी करून राहिली."

"नजर लागली की मंग समजन तुले."

दुसऱ्या दिवशी आकडा आणखी वर. तिसऱ्या दिवशी आणखी. गाल वर आले, मनगटं गोल झाली. प्रेमाच्या चपला रुतू लागल्या. अंजनाबाईला वाटलं, माझं तूप. रोज तोच जुना आकडा ओरडताना तिला मनातल्या मनात एखादं लेकरू पदराखाली लपवल्यासारखं सुख व्हायचं. इतक्या वर्षांचा थकवा त्या सुखावर जरा टेकून बसायचा. घरी गेल्यावर तिने मीठ-मोहरी मुठीत घेऊन दवाखान्याच्या दिशेने ओवाळली आणि चुलीत टाकली.

"वयनी, मले जड जड वाटून राहिलं," प्रेमा त्या संध्याकाळी म्हणाली.

"वाटनच. आंग धरून राहिलं तुह्यं."

"झोपलं की दम लागते."

"कूलर तिकडं तोंड करून आहे. इकडून डोकं कर."

प्रेमाने डोकं फिरवलं. सकाळी ती काट्यापर्यंत चालत गेली, पण परत येताना तिला दोनदा थांबावं लागलं. दुपारी अंजनाबाई डबा घेऊन आली तेव्हा प्रेमा उशा पाठीशी घेऊन बसली होती. ओठ निळसर, कपाळ तापलेलं, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. डबा खिडकीत ठेवायचा राहिला आणि खाली सांडला. वरण फरशीवर पसरत गेलं. मनोहरराव सिस्टरला बोलवायला कधी उठून गेले ते कुणाला कळलं नाही.

डॉक्टर मिनल धावत आल्या. नाकाला ऑक्सिजन लावला, छाती ऐकली, पाठ ऐकली. मग प्रेमाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खड्डा राहिला, ओल्या कणकेत राहतो तसा.

"पायाला सूज आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ताप आहे, दम आहे. फुप्फुसाचं इन्फेक्शनही असू शकतं. सूज औषधाची असती तर वजन वाढायला हवं होतं." त्यांनी मागे वळून पाहिलं. "काकू, वजन तेच आहे ना? रोज तुम्हीच सांगता ना?"

कूलर चालू होता. जिजाबाई कुशीवर होत्या आणि त्यांचे डोळे उघडे होते.

अंजनाबाईला वाटलं, आता बोललं तर आतापर्यंत जपलेलं सगळं या एका वाक्याने जाईल. तिने प्रेमाकडे पाहिलं. प्रेमाला बोलता येत नव्हतं, पण तिने वहिनीकडे मान हलवली, सांग.

"वाढलं, मॅडम," अंजनाबाई म्हणाली. "रोज वाढून राहिलं. म्या खोटं सांगतलं."

"किती?"

तिने सांगितलं.

"का सांगितलं नाही?"

"आंग भरून राहिलं म्हून सांगत नसते जी. नजर लागते. अन् या बाईसमोर," तिने जिजाबाईंकडे न पाहता हात केला, "कोणत्या तोंडानं सांगू?"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, बहुधा रागावण्याइतकं बळ त्यांच्यातही उरलं नव्हतं. त्यांनी सिस्टरला इंजेक्शनचं नाव सांगितलं, लगेच, आत्ता. गोळी बंद करायला सांगितली. लघवी होण्याचं औषध सांगितलं. तापासाठीचंही चालू केलं. मग खाटेची कड धरून उभ्या राहिल्या आणि पहिल्या औषधाचे थेंब नळीतून उतरताना पाहू लागल्या.

"मॅडम, म्या मारली काय तिले?" अंजनाबाईने विचारलं.

"अजून नाही. वेळेत सांगितलंत. काकू, ते भरलेलं अंग नव्हतं. पाणी होतं. त्या पेशी मोठ्या व्हायला लागल्यात, सगळ्या एकदम. मोठ्या होता होता रक्तातून बाहेर पडतात, फुप्फुसात शिरतात, अंगात पाणी धरतं. म्हणून आकडा मागत होते मी."

"म्हंजे औषध लागलं नाई?"

"लागलं, म्हणूनच हे झालं."

अंजनाबाईला ते समजायला वेळ लागला. ती खाली बसली आणि फडक्याने वरण पुसू लागली. जे चांगलं म्हणून तिने लपवलं ते वाईट होतं, आणि ते वाईट पुन्हा चांगल्याच्याच पोटचं होतं. तिला फार थकायला झालं. फरशी स्वच्छ झाली तरी ती पुसतच राहिली.

"बाई," जिजाबाईंचा आवाज आला. बारीक, पण धार असलेला. "इकडं पाय."

अंजनाबाईने पाहिलं.

"माह्यं वाळणं तू खोटं सांगतलं म्हून थांबते काय?"

"नाई जी."

"मंग उद्यापासून मोठ्यानं सांगत जा. माह्यासाठी लपवू नको. माह्या नावावर कोणाचं मरण नको मले."

"काय म्हणते ते?" मनोहररावांनी विचारलं.

"काई नाई. चष्मा पुसा तुमचा," जिजाबाई म्हणाल्या.

पुढचे दिवस लांब होते. नत्थूजीने दुकानातून सुट्टी घेतली आणि वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसून राहिला. काही केलं नाही, पण उठून गेलाही नाही. प्रेमाचा श्वास हळूहळू खाली बसला. खांदे उचलायचे थांबले. लघवीवाटे पाणी गेलं, गाल उतरले, मनगटाचं हाड पुन्हा दिसू लागलं. अंजनाबाई रोज तिला काट्यावर उभी करायची आणि आकडा ओरडायची. जिने आयुष्यभर लोकांना वाढलं, आणखी एक घ्या म्हणून आग्रह केला, तिला आता एकेक उतरत जाणारा आकडा आनंदाने सांगावा लागत होता. तो आनंद तिच्या जिभेवर नीट बसत नव्हता, तरी ती सांगायची.

"उतरलं!"

"पायलं काय हो," मनोहरराव बायकोच्या कानात ओरडले, "आपण उतरलं म्हून रडतो, अन् ह्या बाई उतरलं म्हून नाचून राहिल्या."

वॉर्डात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं. ती प्रेमा होती, नाकात नळी असताना हसली आणि खोकली.

"हसू नको वं, वाळकी," अंजनाबाई म्हणाली.

"वाळकी म्हणते अन् खुश होते. वयनी येडी झाली माही."

गोळी पुन्हा सुरू झाली, थोडी थोडी. महिना उलटून गेल्यावर हाडाच्या आतलं रक्त काढून तपासलं. डॉक्टर मिनल संध्याकाळच्या फेरीला आल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या.

"त्या लहान राहिलेल्या पेशी आता दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "अजून बरेच महिने औषध आहे. यावं-जावं लागेल, ते चुकणार नाही. पण आज दिसत नाहीत."

"कुठी गेल्या?" अंजनाबाईने विचारलं.

"मोठ्या झाल्या. मग आपल्या वेळेला मेल्या."

"कोणी मारल्या नाई?"

"कुणी नाही."

नणंद आपल्या बोटांनी डोक्यावरचे विरळ झालेले केस चाचपत होती, आरसा मागत होती. ती काही मोठी झालेली दिसत नव्हती. अंजनाबाईला वाटलं, हिच्या आतलं तेवढं मोठं झालं, बाकीची राहू दे अशीच. मग पिशवीतून तिने फणी काढली, तिच्या मागे बसली आणि जपून, एकेक करून, गुंता सोडवू लागली. हात दुखत होते. कित्येक दिवसांत माठासमोर न बसलेले हात आता पांढुरके पडले होते, आणि त्यांच्यावर बारीक लव आली होती. ती तिने फणी थांबवून एकदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरची हाक आली. आज प्रेमाला घरी सोडणार होते. ती आपल्या पायाने काट्यावर चढली. दवाखान्यात आली तेव्हा होता तोच आकडा. अंजनाबाईने तो मोठ्याने सांगितला आणि नणंदेचा हात धरून बाजूला झाली.

मागून मनोहररावांनी जिजाबाईंना चढवलं. ते वाकले, चष्मा नीट केला, आकड्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काल होतं तेवढंच!" ते ओरडले.

अंजनाबाईचे पाय थांबले. ते शब्द तिचे होते, आवाजही तिच्यासारखाच लावलेला. प्रेमाचा हात सोडून ती परत आली आणि मनोहररावांच्या कानाशी तोंड नेलं.

"भाऊ, खरं सांगा गा. मी पण असंच म्हणत होती."

मनोहररावांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते बाजूला सरकले आणि काट्याकडे हात केला. "या, तुमीच पाहा."

जिजाबाई काट्यावर ताठ उभ्या होत्या, नवऱ्याचा खांदा सोडून, आकडा हलू नये म्हणून श्वास रोखून. अंजनाबाई खाली वाकली. थकलेल्या डोळ्यांना आकडा लगेच दिसेना, म्हणून तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

कालचा होता तेवढाच होता.

"खरं आहे," ती सिस्टरकडे तोंड करून म्हणाली. "म्या पायलं. लिहा."